मेणाचा वाटा

मधाला निघायच्या दिवशी
मामा मला पिकलं केळं खाऊ देत नसे.
मधमाशी चिडली की तिच्या अंगाला जो वास सुटतो
तो हुबेहूब केळ्याचा.
"केळं खाऊन पोळ्यापाशी गेलास, ज्युलियास,
तर माशांना वाटेल
आपल्यातल्याच कुणी लढाईची हाळी दिली."
आम्हा याओ लोकांत मामाचा शब्द बापाच्या वर,
म्हणून मी उपाशीच निघालो.

लुजेंडा नदीच्या अलीकडे, विरळ रानात,
मामा थांबला. घसा खाकरला.
ब्रर्रर्र... हम्!
हीच हाक त्याचा मामा मारायचा,
आणि त्या मामाचा मामा.
दूर उत्तरेला म्हणे लोक शीळ घालतात,
तिथलं पाखरू शिळेला येतं.
बारा कोसांवर बोली बदलते,
ती पाखरांच्या कानातही.

सेगो आलं.
चिमणीहून जरा मोठं, मातकट,
बघून विसरून जावं असं.
अर्धी काडेपेटी कुणी कानाशी हलवावी
तसा त्याचा आवाज.
एका फांदीवरून पुढच्या फांदीवर,
मध्येच मागे वळून बघे:
किती हळू चालतात ही माणसं,
पंख नाहीत, बिचारी.

त्याला पत्ता ठाऊक.
गार पहाटे, माशा थंडीने आखडलेल्या असतात तेव्हा
ढोलीत डोकावून आलेलं.
पण खोड फोडायला कुऱ्हाड कुठली,
धूर करायला हात कुठले?
आमच्याकडे कुऱ्हाड होती, आग होती,
आणि पत्ता सोडून सगळं.

मामाने लांब काठीला पाला बांधून पेटवला.
धूर आत शिरला तशा माशा
घर सोडावं लागेल या धास्तीने
पोटभर मध पिऊन सुस्तावल्या.
आमच्या झोपडीला आग लागली तेव्हा
आईने आधी मक्याच्या पिठाचं मडकं उचललं होतं,
मग मला.

मध आमचा.
मेण त्याचं.
मेण पचवणारी पोटं या जगात मोजकी.
मामाने हिरवी पानं अंथरून
वर पोळ्याचा तुकडा ठेवला,
दिवसभराची मजुरी चुकती करावी तसा,
आणि वळूनही न बघता निघाला.

रात्री शेकोटीपाशी त्याने सांगितलं:
सेगोची आई वेड्या राघूच्या बिळात अंडं टाकून जाते.
पिल्लू आंधळं जन्मतं, चोचीला आकडे घेऊन,
आणि त्या काळोखात
राघूची पिल्लं एकेक करून मारतं.
मग आकडे गळून पडतात.
राघू त्याला माशा भरवतात, वाढवतात.
आईचं तोंड ते कधी पाहत नाही.
"मग माणसाला बोलवायला
त्याला शिकवलं कुणी?"
मामा निखारे सारत राहिला.
"भेटलं तर विचार. मलाही सांग."

पुढच्या वर्षी मोटरसायकलवरून
मेण घेणारा व्यापारी आला.
मी मामाच्या नकळत सगळं मेण पोत्यात भरलं,
पानं रिकामी ठेवली.
म्हाताऱ्या म्हणायच्या, ज्याने वाटा बुडवला
त्याला सेगो सिंहापुढे नेऊन उभं करतं.
मामाला कळलं. तो रागावला नाही.
"सिंहाकडे कशाला नेईल? एवढी उठाठेव कोण करतं?
येणार नाही, बस्स."
आणि मुठीएवढं मेण घेऊन
संध्याकाळच्या दोन तासांच्या वाटेला
एकटाच लागला.

आता मेकुलात साखर किलोवर मिळते.
मामा गेला.
काल दुकानाच्या पत्र्यावर
अर्धी काडेपेटी वाजायला लागली.
गल्ल्यावरचा पोरगा म्हणाला,
"सकाळपासून डोकं खाल्लंय या पाखरानं,"
आणि रेडिओ मोठा केला.

माझ्या एका हातात साखरेची पिशवी,
दुसऱ्या हातात सोललेलं केळं.
केळं मी तिथेच कट्ट्यावर ठेवलं.
घसा खाकरला.