पाणथळीचा नियम

आमची सोसायटी ०९१२ मध्ये येते.
नकाशावर तो षटकोन फिका पिवळा आहे,
म्हणजे मोकळं रान, चालीचा खर्च एक.
(दुधाच्या पिशव्या घेऊन औंध रोड ओलांडताना
मला रोज निदान तीन पडतात,
पण ते असो.)

डबा उघडला तेव्हाच मी वहीत लिहिलं होतं:
ज्याने ही खडकीची लढाई बेतली
त्याने पुणं पाहिलेलं नाही.
गणेशखिंड त्याच्याकडे घनदाट हिरवी,
आणि पर्वती इतकी अलीकडे
की तिथून तोफ डागावी.
चुका मी नंबर घालून लिहिते.
बत्तीस वर्षं संख्याशास्त्राचे पेपर तपासलेत,
हात राहत नाही.

वाघमारे म्हणतात, आधी खेळून तर बघा.

फ्रान्सिस वाघमारे, दारूगोळा फॅक्टरीतून
फिटर म्हणून निवृत्त.
सोंगट्या चिमट्याने उचलतात,
कारण उजवा हात हल्ली ऐकत नाही
आणि एक चळत कलंडली
की अर्धी फलटण मुळेपार.

दर शुक्रवारी इंग्रज तेच होतात.
"कुणीतरी व्हायलाच हवं," मी एकदा
समजुतीच्या सुरात म्हणाले,
तर त्यांनी एक लाल सोंगटी दिव्याखाली धरली.
चार–पाच. ताकद चार, चाल पाच.
"यात इंग्रज किती असतील, बाई? अधिकारी तेवढे.
बाकीची कोकणातली पोरं. आमचाही कुणी असेल.
नाव कुठे छापलंय?"
मी वहीत लिहिलं: रंगाची चूक.
मग खोडलं. तिला नंबर कितवा द्यायचा
ते कळेना.

खरा वाद पाणथळीचा.
त्या दिवशी घोडदळ भरधाव सुटलं
आणि पुढचा चिखल कुणाला दिसलाच नाही, म्हणतात.
इथे तो निळ्या रेघांनी छापलाय, ०७१०,
दारावरच्या पाटीइतका स्पष्ट.
मी वळसा घालते. शहाणं कुणीही घालील.
पाचव्या चालीत खडकी जिंकते,
आणि जिंकून झाल्यावर
काहीच वाटत नाही.

म्हणून या शुक्रवारी नियमच बदलला.
छापील पाणथळ रद्द.
वाघमारे चिठ्ठीवर एक आकडा लिहिणार,
चिठ्ठी बशीखाली.
माझा घोडा नव्या षटकोनात शिरला
की बशी उचलून बघायचं.

चार चाली मी घोडदळ आपल्याच रेषेत
इकडून तिकडे केलं.
०७१० टाळला. मग ०८१० टाळला,
कारण मी असते तर तिथे लिहिला असता.
मग आठवलं, मी कशी खेळते ते यांना पाठ आहे,
आणि सगळाच नकाशा ओला झाला.
उजवीकडून पायदळ रेटलं, फासा एक पडला.
बशीवरचा चहा निवला, साय धरली.
अंधाराची चाल आली, खेळ संपला.
माझे सगळे घोडे जिवंत,
एका रांगेत, निघाले तिथेच उभे.

मी बशी उचलली.
चिठ्ठी कोरी.

"ही फसवणूक आहे," मी म्हणाले.
"लिहायला घेतलं होतं," ते म्हणाले, "पेन्सिल धरवेना.
म्हटलं, एकदा तरी याल. मग सांगू.
तुम्ही आलाच नाहीत."

सोंगट्या आम्ही त्यांच्या गोळ्यांच्या
जुन्या डबीत ठेवतो, वारांच्या खणांत.
सोमवार-मंगळवार लाल, पुढे भगव्या,
रविवारी फासे.
झाकण मी लावलं. त्यांनी लावू दिलं.

घरी येऊन परीक्षण लिहायला बसले.
सतरा चुका तयार होत्या, नंबर घातलेल्या.
अठरावा आकडा घातला,
बराच वेळ त्याच्यापुढे काही सुचलं नाही,
मग लिहिलं:
नकाशाचा कागद चांगला आहे.
पुष्कळदा घडी घालूनही फाटत नाही.