मारायचाय की घालवायचाय?

लक्ष्मीपुरीत हातिमभाईंनी
काउंटरवर तिन्ही मांडले:
चाप, चिकट पुठ्ठा, जाळीचा पिंजरा.
"मारायचाय की घालवायचाय?"
मागं गिऱ्हाइकं खोळंबलेली.
मी चापाची तार ओढून बघितली,
सोडली,
दुकान एकदम गप्प.

पिंजरा घेतला.
आकड्याला विस्तवावर धरलेलं खोबरं,
वर गुळाचा खडा.
पहिल्या रात्री मुंग्यांनी गूळ नेला.
दुसऱ्या रात्री खोबरं गेलं, दार उघडंच.
तिसऱ्या रात्री आकड्याला तेल दिलं,
भडंगातला शेंगदाणा
दोऱ्यानं आवळून बांधला.

पहाटे खट्.

केवढंसं ते.
मिशा थरथरतायत
आणि दाणा अजून दातांत,
सोडवत नाही.

स्कूटरवर पायांशी पिंजरा, वर गोणपाट,
शिवाजी पुलाच्या पल्याड
उसाच्या बांधावर थांबलो.
तिथं एक बाई आधीच उभी,
हातात तसलाच पिंजरा, रिकामा.

"कुठनं आणलासा?"
"शुक्रवार पेठेतनं. तुम्ही?"
"मी हितलीच की, वडणग्याची.
आमच्यातला आत्ताच
पुलाच्या अल्याड सोडून आलो."

दार उचलून धरलं.
बराच वेळ
ते बाहेरच येईना.