शेरा निरंक

पाणी उतरून तीन दिवस झाले होते.
मौद्याच्या खालच्या अंगाला कन्हान पुन्हा पात्रात,
काही झालंच नाही अशी.
बाभळीच्या शेंड्याला अडकलेलं एक दावं
तेवढं सांगत होतं, पाणी कुठवर आलं ते.

मी पशुधन पर्यवेक्षक. सोबत तलाठी, कोतवाल, दोन पंच
आणि गमबुटात भरलेला चिखल.
कौतिका नेहारेच्या गोठ्यात पाच खुंटे.
एक म्हैस सापडली काटेरी कुंपणात,
एक पुलाच्या कमानीत.
बाकी तिघींचा पत्ता वैनगंगेला विचारावा.

"निकषात मोठी दुधाळ जनावरं तीनच बसतात, बाई,"
तलाठी म्हणाला. आवाज वाईट नव्हता त्याचा.
"तीनच काऊन जी?
पाण्यानं त मोजलं नाई."
कोतवालानं बिडी विझवली,
पुन्हा पेटवली.

"कोणत्या तीन लिहू?"
हा प्रश्न माझ्या तोंडून गेला.
फॉर्मच तसा आहे: बिल्ल्याचा क्रमांक, वय, वर्णन.

ती खुंट्यांपाशी गेली.
"लिहा मोगरी. लिहा भिंगरी."
या दोघी सापडलेल्या.
तिसऱ्या खुंट्यापाशी तिला वेळ लागला.
काजळी आटलेली, दिवाळीपासून थेंब नाही.
बारकी अजून व्यायचीच होती.
चांदी सातव्या महिन्यात;
ते मला ठाऊक होतं, माघात रेतन मीच केलेलं.

"चांदी लिहा," ती म्हणाली,
"पर एक नोका धरू. दोन होते ते."

फॉर्मला पोटाचा रकाना नाही.
तलाठ्यानं पंचांकडे पाहिलं.
वाहून जाताना पाहिली, असं पंच म्हणाले.
त्यांनी पाहिली नव्हती. सह्या केल्या.
शेरा: निरंक, मी लिहिलं
आणि पेन उगाच झटकलं,
शाई होती तरी.

पैसे आले संक्रांतीनंतर कधीतरी,
भाच्याच्या मोबाइलवर, तिला न वाचता येणाऱ्या अक्षरांत.
शेजारच्या कवडूचे अडकले,
आधारवर तो कवडुजी होता, सातबाऱ्यावर कवडू.
एका 'जी'साठी तो अकरा वेळा तहसीलला गेला.
एवढा मान त्याला जन्मात कोणी दिला नव्हता.

फाल्गुनात ती दवाखान्यात आली, दोन म्हशी घेऊन.
बाजारातल्या, बुजऱ्या,
एकीच्या शिंगाला अजून व्यापाऱ्याचा गेरू.
"बिल्ले मारून द्या जी."
मी पिवळे बिल्ले काढले, बारा आकड्यांचे.
"जुनेच नंबर नाई देता येत?"
"नंबर एकदाच मिळतो, बाई. जनावर गेलं की बंद."
"आन नाव?"

नावाचं आमच्याकडे काही नसतं.

तिनं वाकून गेरूवालीच्या कानाशी हाक मारली.
मला वाटलं मोगरी म्हणेल, नाहीतर चांदी.
"काजळे," म्हणाली.
दुसरीच्या पाठीवर थाप मारली: "अन तू बारकी."
त्या दोघी. ज्यांना मी कुठंच लिहिलं नव्हतं.

म्हशीला बहुतेक कळलं नाही.
चिमटा दाबला तसा कान तेवढा झटकला.
रक्ताचा थेंब रजिस्टरावर पडला, मी बाहीनं पुसला.

"कुटार लय महाग झालं यंदा," म्हणत
ती दावी ओढत निघाली,
आणि रस्त्यावर म्हशी दोन दिशांना जाऊ लागल्या.