शिक्का

पुलाच्या अलीकडे माझी चहाची टपरी,
पलीकडे नाकाबंदी.
तेवढ्यावरून मी पंच झालो.

पौषातली पहाट. सैंज नदी काठाकाठानं गोठलेली.
कुल्लूची बस थांबवून डाबे रामला उतरवलं पिशवीसकट.
पिशवीत अक्रोड, पोरासाठी नवे बूट,
आणि म्हणे तळाशी एक किलो दोनशे ग्रॅम चरस.
अक्रोड मी पाहिले. रस्त्यावर घरंगळले,
हवालदारानं दोन उचलून खिशात टाकले.
बाकीचं मला विचारू नका.
तराजू मी धरला होता, काटा साहेब बघत होते.

लाख माझ्याच स्टोव्हवर वितळली.
पुडक्यावर ‘ट’ उमटला,
आणि तो पितळी शिक्का साहेबांनी माझ्या मुठीत दिला:
सांभाळ, कोर्टात मागतील.

कोर्टात मागितला तेव्हा मी म्हणालो, हरवला.
आदल्या संध्याकाळी डाबे रामची आई
टपरीवर येऊन बसली होती.
चहा घेतला नाही, काही मागितलंही नाही.
नुसती माझ्या तराजूकडे बघत राहिली.

सरकारी वकिलांनी मला फितूर ठरवलं.
शिक्का नाही, पंच फिरला, वजनात अठ्ठेचाळीस ग्रॅमची तफावत.
संशयाचा फायदा.
दोन वर्षांनी तो घरी आला. मुद्देमालातले बूट परत मिळाले,
पोराचे पाय तोवर बुटांच्या पुढे गेले होते.

सरकार अपिलात गेलं, शिमल्याला.
अकरा वर्षं.
मधे पूल वाहून गेला, नवा झाला,
टपरी शंभर पावलं वर सरकली.
नातीनं एकदा शिक्का कणकेवर उठवला, ट, ट, ट,
त्या रोट्या आम्ही त्याच रात्री खाऊन संपवल्या.

परवा डाबे राम आला. चष्मा विसरलाय, वाच म्हणाला.
मी नोटीस वाचली.
‘मी सुटलो होतो ना?’
सुटलास. आता ते विचारतायत, सुटलास ते बरोबर होतं का.
‘तुला बोलावतील?’
नाही. तिथे नुसते कागद बोलतात.
माझं ‘हरवला’ तिथे आहेच, कुठल्यातरी पानावर.

त्यानं चहात साखर जास्त मागितली.
डबा रिकामा होत आलेला. मी चमचा घातला
आणि तो तळाशी पितळेवर वाजला.
दोघांनीही ऐकलं.
‘खडा असेल,’
म्हणाला डाबे राम.