कासुमाय

ज्या टेबलावर अकरा महिन्यांपूर्वी बोलणी मोडली
ते अजून मिशनच्या शाळेत आहे.
चौथीची मुलं त्यावर भूमिती गिरवतात.
दूतसाहेबांनी उतरल्याउतरल्या त्याचीच चौकशी केली:
चौकोनी होतं का? कोण कुठे बसलं होतं?
म्हटलं, एक पाय आखूड आहे, खाली विटेचा तुकडा लागतो.
त्यांनी वहीत लिहून घेतलं.

लांबच्या थंड देशातले, निवृत्त, गुडघ्यांनी त्रासलेले.
दोन राजधान्यांचे उंबरठे झिजवून आलेले.
प्रत्येक ठिकाणी ऐकलं: आम्ही तयारच आहोत, त्यांना विचारा.
'ते' म्हणजे नेमके कोण, हे विचारत विचारत
कासामान्सच्या या खाडीपर्यंत पोचले,
आणि मला सोबत घेतलं, कारण मला तिन्ही भाषा येतात
आणि तिन्हींत माझ्यावर कुणाचा फारसा विश्वास नाही.

भरती यायची होती.
खारफुटीच्या मुळांना चिकटलेली कालवं उघडी पडलेली.
नावाडी मालांग म्हणाला, या काठाला काजू, त्या काठाला काजू,
मधल्या वाटेनं कुणी जात नाही.
का, साहेबांनी विचारलं.
मालांग हसला. ते मी भाषांतरित केलं नाही.

मधल्या वाटेवर माझ्या आईचं भाताचं शेत आहे.
लांब दांड्याचं फावडं, आमचं कायेंदो,
सव्वीस वर्षं घरात आढ्याला टांगलेलं.
शेतात काय पेरलंय ते पेरणाऱ्यांनाही आता आठवत नाही.
दोन्हीकडच्यांनी पेरलं, नकाशा कुणीच ठेवला नाही.
सिबेतची गाय एकदा गेली होती तिकडे.
आवाज आम्ही जेवताना ऐकला.

छावणीत कमांडर लांडिंग सांबू, प्लास्टिकच्या खुर्चीत.
मागे पोरं; त्यांतल्या दोघांच्या पायांत
एकाच जोडीतली एकेक चप्पल.
साहेब वाटभर एक शब्द घोकत आले होते.
हात पुढे करून म्हणाले, कासुमाय?

आमच्याकडे सकाळी विहिरीवर हेच विचारतात,
तापानं फणफणलेल्याला,
काल मूठमाती देऊन आलेल्यालासुद्धा:
शांती?
कासुमाय केब. शांतीच, फक्त शांती.
पलीकडे गोळ्या सुटत असतानाही
बायका एवढं बोलूनच डोक्यावरची घागर उतरवायच्या.
दुसरं उत्तर भाषेत नाही.

लांडिंग कमांडर असला तरी आईनं वाढवलेला.
उठून उभा राहिला. म्हणाला, कासुमाय केब.

मग तीन तास.
'स्वातंत्र्य' या शब्दावर दीड,
आधी मागे कुणी सरायचं यावर एक,
उरलेला चहाला. पहिला कप कडू, दुसरा थोडा कमी,
तिसरा गोड असतो.
तिसऱ्यापर्यंत कुणी थांबलं नाही.

परतताना कारकुनानं इतिवृत्त वाचून दाखवलं.
कलम एक: शांतता हाच एकमेव मार्ग,
हे दुसऱ्या पक्षाने आरंभीच, आपणहून मान्य केले.
साहेबांचा हात गुडघ्यावर, चेहरा जवळजवळ सुखी.
बरोबर आहे ना, त्यांनी मला विचारलं.

सांगायचं होतं: साहेब, हे नुसतं 'बरं आहे ना' आहे,
'हो, बरंय' म्हटल्यानं कुणी बरा होत नाही.
पण मागच्या खेपेला बोलणी एका शब्दावर मोडली,
आणि तो शब्द दुरुस्त करणारा मीच होतो.

ओहोटी लागली होती. मालांग वल्ह्यानं चिखल चाचपत होता.
म्हटलं, 'मान्य केले' खोडा. 'म्हणाले' लिहा.
म्हणाला तर होताच तो.
कारकुनानं खोडलं, साहेबांनी मान हलवली,
आणि पुढची बैठक ठरली, पाऊस संपल्यावर.

घरी आई दारातच होती. कासुमाय?
कासुमाय केब, मी म्हटलं,
आणि पहिल्यांदाच मला ते खोटं की खरं कळेना.
तिनं आढ्याकडे पाहिलं.
परत येणार आहेत का ते?
हो. पाऊस संपल्यावर.
कुठला पाऊस, तिनं विचारलं.