नकाशावर तुरीचे दाणे

ग्रामपंचायतीच्या फरशीवर नकाशा पसरला,
कोपऱ्यांवर चार संत्री.
मी सांगत होतो : इथे प्रयोगशाळा, इथे झेंडा,
इथून आठ फुटी भिंत.

चष्मा नव्हता, म्हणून पैकुबाई मडावी
बोटानंच वाचत गेल्या.
भिंतीपाशी बोट अडलं.
"इथून तं आमची पायवाट हाय ना बाप्पा,
दवाखान्यात जाची."

मग कुणी खिशातून तुरीचे दाणे काढले.
एक ठेवला हापशीवर, गावालाही पाणी भरता यावं म्हणून.
एक वाचनालयाला, रस्त्याकडून दुसरं दार.
मुलींचं संडास मास्तरांच्या खिडकीसमोरून हलवणारा दाणा
नववीतल्या समीक्षानं ठेवला,
न बोलता.

निंबाला कुणी हात लावू दिला नाही.
वर्गच सरकले.

यवतमाळला नकाशा उलगडला
तेव्हा एक दाणा घरंगळला.
साहेब म्हणाले, हे काय?
म्हटलं, दार.