बारा इंच

सरोवरावरून वारा सुटला की माझ्या गॅरेजचं शटर
खर्जात गुणगुणतं,
साठ हर्ट्झच्या जरा खाली. मोजलंय मी.
इथे, एरीच्या बारक्या गल्लीत, एकोणीस वर्षं
मी ॲम्प बांधते, वर्षाला अकरा,
मनगट मोडलं त्या वर्षी सातच.

पाइनच्या फळ्या, एकमेकींत दात रोवून बसलेले कोपरे,
ट्यूबा तापताना येतो तो
जळक्या धुळीचा वास.
आवाज सांगताना गिऱ्हाइकांची भाषा अडखळते.
कुणी म्हणतं लोणी, कुणी म्हणतं धूर,
एकजण म्हणाला, ओल्या कुत्र्यासारखा हवा.
त्याला मी दिला तसा. खूश होऊन गेला.

रॉस्को टिलरी एवढंच म्हणाला,
"खोटं बोलणारा नको."
रेल्वे इंजिनांच्या कारखान्यात एकतीस वर्षं,
डावा कान तिथेच ठेवून आला.
रविवारी चर्चमध्ये वाजवतो,
उजवा खांदा नेहमी लोकांकडे वळवून.

पहिला लावला: जड सिरॅमिक चुंबक, शंभर वॅट.
स्वच्छ, करडा,
चुकलेला सूर साऱ्या वर्गासमोर उभा करणारा.
"ह्याच्यापुढे मला अंघोळ करून यावंसं वाटतं," रॉस्को म्हणाला.

मग दोन दहा-इंची, एकाच पेटीत.
चटपटीत. एकमेकांचं वाक्य तोडत बोलणारे.
त्याने दोन कडवीही पुरी केली नाहीत.

तिसरा अल्निकोचा, नवा कोरा, महागडा.
जोर लावला की हा किंचित मागे सरतो,
दारात आलेल्याला वाट द्यावी तसा.
रॉस्कोने डोळे मिटले. मी मनातल्या मनात
पावती फाडायला घेतली.

चौथा उगाच लावला. मला ऐकायचा होता म्हणून.
बंद पडलेल्या स्केटिंग रिंकच्या ऑर्गनमधून काढलेला,
कोन करकोचून फाटलेला,
फाटलेल्या जागी मी चहाच्या पिशवीचा कागद
गोंदाने चिकटवलेला.
मधल्या पट्टीत जरा नाकातून बोलतो.
वरचे सूर विझतात, पण चटका देऊन.

तेवढ्यात शटरवर थाप.
बाहेर गाडीत शब्दकोडं सोडवत बसलेली व्हर्डीन,
काच वर, हीटर चालू, पेन्सिल कानामागे.
"हाच," ती म्हणाली.
"एवढी वर्षं ह्या माणसाला मी
भिंतीपलीकडून ऐकलंय. हा असाच वाजतो."
आणि गेली, गाडीत बसली.

मी मात्र आजवर प्रत्येक स्पीकर
समोर गुडघे टेकून, कोनाच्या मधोमध कान नेऊन पारखला,
जिथे बसून कधीच कुणी
गाणं ऐकत नाही.

रॉस्कोने तिसराच घेतला.
पैसे त्याचे. कानही, एक का होईना, त्याचाच.

अडीच आठवड्यांनी फोन. व्हर्डीन.
"तो फाटका अजून आहे का गं?
गुरुवारी त्याची तालीम असते, सात ते नऊ."
मी आठ स्क्रू काढले, दोन तारा सोडवल्या,
व्हर्डीनने टॉर्च धरला,
आणि तेवढ्या वेळात शेजारणीची सगळी कुळकथा सांगितली.
महागडा परत आणला. पैसे परत द्यायला निघाले,
तर म्हणाली, "कशाचे पैसे? काही झालंच नाही इथे."

एप्रिलमध्ये रॉस्को हार्डवेअरच्या दुकानात भेटला.
खिळे निवडत होता, एकेक, उजेडाला धरून.
म्हणाला, "नवा स्पीकर रुळायला वेळ लागतो म्हणतात,
मला थाप वाटायची.
पण अगं, आता कुठे तो
माझ्यासारखा बोलायला लागलाय."

मी काहीतरी पुटपुटले, ते त्याच्या डाव्या बाजूला.
त्याने ऐकलं नाही.
मग मागून वळसा घालून
उजवीकडे गेले, आणि म्हटलं,
"हो. लागतो वेळ."